मंडपम : रामेश्वराच्या अलीकडचं गाव

रामेश्वरला जाणाऱ्या माणसाला मंडपम हे गाव दिसतं ते आगगाडीच्या खिडकीतून, आणि तेही दोन-चार मिनिटंच. समोर पांबनचा पूल येणार, समुद्रावरून गाडी जाणार, म्हणून सगळा डबा दाराशी गोळा झालेला असतो. मंडपमकडे बघायला कोणाला सवड नसते. मला हे गाव नीट बघायला मिळालं त्याचं श्रेय एका बंद पडलेल्या पुलाला द्यायला हवं.

1914 साली बांधलेला पांबनचा जुना रेल्वेपूल डिसेंबर 2022 मध्ये वाहतुकीला बंद झाला. नवा पूल, ज्याचा मधला भाग जहाजांसाठी सरळ वर उचलला जातो, तो 6 एप्रिल 2025 रोजी सुरू झाला. मधल्या सव्वादोन वर्षांत काही गाड्या रामनाथपुरमला थांबत, काही मंडपमपर्यंत येत, आणि तिथून पुढे बस किंवा रिक्षा. आम्ही गेलो ते फेब्रुवारी 2025 मध्ये, म्हणजे नेमके त्या मधल्या काळात. आम्ही म्हणजे मी आणि आमच्या वन्सं. वन्संचं वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी आदल्या वर्षी काशीहून गंगा आणून ठेवली होती आणि ती रामेश्वराला वाहायची होती. काशीची गंगा रामेश्वराला आणि रामेश्वराची वाळू काशीला, हा आपल्याकडचा जुना रिवाज. अर्धी यात्रा करून मरायचं नाही, असं त्यांनी बजावून ठेवलं होतं.

माझं कारण वेगळं होतं, आणि ते मी वन्संनाही सांगितलेलं नव्हतं.

मी प्राणिशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं. डिसेंबर 1983 मध्ये, एम.एस्सी.ला असताना, आमची सहल मंडपमला आली होती. त्या काळी प्राणिशास्त्राचे विद्यार्थी मंडपमला येत ते आळंदीला जावं तसे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था 1947 साली स्थापन झाली, आणि तिचं मुख्यालय 1971 मध्ये कोचीनला हलेपर्यंत इथेच होतं. आजही संस्थेचं मोठं केंद्र इथे आहे. शिवाय समोरच कुरुसडै नावाचं छोटं बेट. पुस्तकात ज्याचं चित्र काढून काढून आम्ही दमलो होतो तो बॅलॅनोग्लॉसस नावाचा वाळूत राहणारा किडा तिथे खरोखर सापडे. त्या बेटावर आम्ही दिवसभर गुडघाभर पाण्यात हिंडलो. परतताना प्रत्येकाच्या पिशवीत काही ना काही होतं. माझ्या पिशवीत प्रवाळाचे तीन गड्डे होते. एक मेंदूसारखा वळ्यावळ्यांचा, एक शिंगांसारख्या फांद्यांचा आणि एक मधमाशीच्या पोळ्यासारखा. ते तीनही चाळीस वर्षं आमच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात आहेत. पाहुणे कौतुक करतात. ते परत बघायला मी आले होते, म्हणजे ते जिथून उचलले ती जागा.

मंडपमची रचना आधी सांगते, कारण ती नकाशावर बघितल्याशिवाय पटत नाही. भारताच्या भूमीचं एक चिंचोळं टोक समुद्रात घुसलेलं आहे आणि त्या टोकावर हे गाव. उत्तरेला उभं राहिलं तर पाल्कची सामुद्रधुनी आणि तिथला उथळ उपसागर. चालत दक्षिणेला गेलं तर मन्नारचं आखात. गाव एक आणि समुद्र दोन, आणि दोघांचे स्वभाव उलटे. ईशान्य मोसमी वारे सुटले की उत्तरेचा समुद्र खवळतो आणि दक्षिणेचा शांत असतो. नैर्ऋत्य वारे आले की याच्या उलट. त्यामुळे इथले छोटे नाववाले ऋतू बदलला की नावा एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर नेतात. आपल्या कोकणात पावसाळा आला की होड्या वर ओढून शाकारून ठेवायच्या. इथे समुद्रच बदलायचा! मला याचं फार नवल वाटलं. वन्सं म्हणाल्या, "दोन घरं असलेल्या बाईसारखं आहे हे. एकीकडे भांडण झालं की दुसरीकडे."

गाव म्हणाल तर साधं आहे. एक लांबलचक रस्ता, दोन्ही बाजूंना सुक्या मासळीचा वास, इडलीची हॉटेलं, बर्फाचे कारखाने, जाळी विणत बसलेली माणसं, मशीद, चर्च, देऊळ. पुळण आहे, पण पर्यटकांसाठी सजवलेली नाही. बायका तिथे मासळी वाळवतात आणि मुलं क्रिकेट खेळतात. मंडपम कॅम्प नावाचा एक वेगळा भाग आहे. ब्रिटिशांच्या काळात सिलोनच्या चहामळ्यांवर जाणाऱ्या मजुरांना इथे रोगराईच्या तपासणीसाठी अडकवून ठेवत. पुढे त्याच आवारात 1980 नंतरच्या दशकात श्रीलंकेतून आलेल्या निर्वासितांची छावणी झाली.

आम्हाला रिक्षावाला भेटला तो आमचं मराठी ऐकून पुढे आला. धारावीत बारा वर्षं काढलेला. मला "ताई" आणि वन्संना "आजी" म्हणू लागला. "ताई, पूल बंद है, गाडी इधरीच खतम," हे त्याचं पहिलं वाक्य. पुढचे दोन दिवस तोच आमचा दुभाषा. वन्संना रामेश्वरला एका धर्मशाळेत उतरवून, बावीस तीर्थांच्या स्नानाची व्यवस्था लावून, मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याबरोबर परत अलीकडे आले.

आता थोडं राष्ट्रीय उद्यानाविषयी. राष्ट्रीय उद्यान म्हटलं की आपल्याला ताडोबा आठवतं. झाडी, वाघ, फाटक. इथलं उद्यान पाण्यात आहे. रामेश्वरपासून थूथुकुडीपर्यंत किनाऱ्याला समांतर अशी एकवीस बेटांची माळ आहे. ती बेटं आणि त्यांच्या भोवतालचं उथळ पाणी मिळून 1986 साली मन्नार आखाताचं सागरी राष्ट्रीय उद्यान झालं. क्षेत्रफळ सुमारे 560 चौरस किलोमीटर. 1989 साली त्याच्या भोवतीचा साडेदहा हजार चौरस किलोमीटरचा पट्टा जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. बेटांवर माणूस राहत नाही. बेटांभोवती प्रवाळाचे खडक, त्यांच्या आत समुद्रगवताची कुरणं, आणि त्या कुरणांवर चरणारी समुद्रगाय. इंग्रजीत तिला ड्युगाँग म्हणतात, इथले कोळी आवुलिया म्हणतात. ती फार थोडी उरली आहे. मला दिसली नाही आणि दिसेल अशी आशाही नव्हती.

एकवीस बेटं म्हटलं खरं, पण त्यातली दोन आता पाण्याखाली आहेत. पूवरसनपट्टी आणि विलांगुचल्ली. ही बुडाली ती प्रवाळ खणून नेल्यामुळे. प्रवाळाचा दगड म्हणजे जवळजवळ शुद्ध चुना. चुनाभट्ट्यांना, कार्बाइडच्या कारखान्यांना, घरांच्या भिंतींना तो वर्षानुवर्षं नावा भरभरून नेला गेला. बेटापुढचा प्रवाळाचा खडक हा त्या बेटाचा बांध असतो. लाट आधी त्याच्यावर फुटते आणि बेटावर येते ती दमून. बांध काढला की लाट थेट वाळूवर येते आणि घासभर घासभर बेट खाते. थूथुकुडीजवळचं वान नावाचं बेट असंच झिजत चाललं होतं. त्याच्यापुढे 2015 नंतर भोकाभोकांचे काँक्रीटचे ठोकळे समुद्रात सोडले, म्हणजे जो बांध फुकट होता तो पैसे घालून पुन्हा बांधावा लागला.

प्रवाळ म्हणजे दगड, असा आपला समज असतो. तो दगड नव्हे, वाडा आहे. त्यात राहणारा प्राणी तांदळाच्या दाण्याएवढा किंवा थोडा मोठा. पिशवीसारखं अंग, वर तोंड, तोंडाभोवती बारीक शुंडकांची झालर. असे हजारो प्राणी शेजारी शेजारी राहतात आणि प्रत्येक जण आपल्या बुडाखाली चुन्याची बैठक घालत जातो. जुन्यावर नवी. गोल गड्ड्याचं प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर किंवा त्याहूनही कमी वाढतं. फांद्यांचं थोडं भराभर. माझ्या कपाटातला मेंदूसारखा गड्डा वीतभर आहे. त्याला किती वर्षं लागली असतील याचा हिशेब मी विद्यार्थ्यांना गणित म्हणून घालत असे, आणि तो मी उचलायला किती सेकंद घेतले हे मात्र कधी सांगितलं नाही.

या प्राण्याच्या अंगात एकपेशीय शैवाल राहतं. शैवाल उन्हात अन्न करतं आणि त्यातला मोठा वाटा प्राण्याला देतं. प्राणी त्याला जागा देतो, खत देतो. आपल्याकडे अर्धलीनं जमीन करतात तसा व्यवहार आहे हा. प्रवाळाचा रंग मुख्यतः या वाटेकऱ्यामुळे. समुद्राचं पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दोन अंशांनी जास्त तापलं आणि तसंच काही आठवडे राहिलं, की हा करार मोडतो. प्राणी शैवालाला बाहेर काढतो आणि पांढराफटक पडतो. मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी लवकर निवलं तर शैवाल परत येतं. नाही निवलं तर वाडा ओस. मन्नारच्या आखातात असं 2010 साली झालं, 2016 साली झालं, आणि 2024 च्या उन्हाळ्यात, जगभरातल्या प्रवाळांबरोबर, पुन्हा झालं. खाणकाम कायद्यानं थांबवता येतं. पाण्याचं तापणं मंडपमच्या वनअधिकाऱ्याच्या हातात नाही.

कुरुसडैला जायला पांबन बेटावरच्या कुंदुकाल धक्क्यावरून वनखात्याची बोट मिळते. 1897 च्या जानेवारीत स्वामी विवेकानंद परदेशातून परतले ते याच कुंदुकालला उतरले. त्यांचं स्मारक तिथे आहे. बोटीत आम्ही दहा-बारा जण होतो. वनखात्याचा एक पन्नाशीचा रखवालदार सोबत. त्याची पहिली सूचना तामिळ, हिंदी आणि खुणांच्या भाषेत अशी तिहेरी : काहीही उचलायचं नाही. शंख नाही, शिंपला नाही, मेलेल्या प्रवाळाचा तुकडा नाही.

बेटावर पाय ठेवला आणि आवाजावरून जागा ओळखली. तिथली पुळण नुसत्या वाळूची नाही, प्रवाळाच्या बोटभर तुकड्यांची आहे. चालताना चिनीमातीच्या फुटक्या बशांवरून चालल्यासारखी खुळखुळते. पाणी अगदी नितळ होतं. आठवणीतलं 1983 चं दृश्य शोधायचा मी प्रयत्न केला. काही ठिकाणी तपकिरी, हिरवट, जिवंत प्रवाळ होतं. बरंचसं शेवाळलेल्या राखाडी ढिगासारखं होतं. माझी आठवण जास्त रंगीत असेल, हेही मान्य करते. एकवीस वर्षांच्या मुलीला सगळंच रंगीत दिसतं.

या बेटाच्या प्रवाळावर आणखी एक संकट आलं, आणि ते चांगल्या हेतूनं आलं. मूळ फिलिपाइन्सकडची कप्पाफायकस नावाची एक शैवालाची जात इथे लागवडीसाठी आणली गेली. तिच्यातून निघणारा पदार्थ आइस्क्रीममध्ये, टूथपेस्टमध्ये दाट येण्यासाठी घालतात. 2000 नंतर बायकांच्या बचतगटांना बांबूचे तराफे देऊन तिची शेती सुरू झाली. कल्पना उत्तम. घराजवळ काम, हातात पैसा. पण या शैवालाचे तुकडे सुटून वाहत कुरुसडैला पोचले आणि जिवंत प्रवाळावर चटईसारखे पसरले. 2008 च्या सुमारास शास्त्रज्ञांनी हे नोंदवलं. ऊन अडलं की आतला वाटेकरी उपाशी, आणि वाडाही उपाशी. तुकडे उपटून काढायचं काम नंतर वर्षानुवर्षं चाललं.

परतीच्या बोटीत मी त्या रखवालदाराच्या शेजारी बसले आणि का कोण जाणे, सांगून टाकलं. रिक्षावाला मध्ये बसून भाषांतर करत होता. त्यानंही आधी माझ्याकडे वळून बघितलं. रखवालदारानं विचारलं, "किती?" मी म्हटलं, "तीन." "कुठल्या साली?" "1983." तो जरा वेळ समुद्राकडे बघत राहिला. मग म्हणाला, त्या वर्षी माझे वडील नावेतून रोज नेत होते. तीन नाही, नावभर.

दुपारी रिक्षावाल्यानं मला चिन्नपालमला नेलं. पांबनजवळची ही कोळ्यांची वस्ती. इथल्या बायका समुद्रशैवाल काढतात. लागवडीचं नव्हे, बेटांभोवती खडकांवर आपोआप वाढणारं. या गावातल्या लक्ष्मी मूर्ती या शैवाल काढणाऱ्या बाईंना 2015 साली 'सीकॉलॉजी' हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, हे मी वाचलेलं होतं. त्या भेटल्या नाहीत. भेटली ती माझ्याच वयाची एक बाई, अंगणात शैवाल पसरून निवडत बसलेली. साडीवर पुरुषाचा सदरा. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, त्या काढून शेजारी वाळत घातलेल्या. डोळ्याला लावायचा काचेचा चष्मा खुंटीला. ऑक्सिजनची नळकांडी वगैरे काही नाही. श्वास धरायचा, बुडी मारायची, हातानं खुडायचं, वर यायचं. दहाव्या वर्षापासून ती हे करते.

राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा या बायकांना कोणी विचारलं नव्हतं. पुढे कायद्याची अंमलबजावणी कडक झाली तेव्हा बेटांच्या पाण्यात जाणं हा गुन्हा ठरला. नाव अडवायची, शैवाल ओतून टाकायचं, दंड करायचा, असं बरीच वर्षं चाललं. मग बायकांनी संघटना केली आणि स्वतःचे नियम घातले. महिन्यातून साधारण बाराच दिवस समुद्रात जायचं, अमावास्या-पौर्णिमेच्या हिशेबानं. मोठ्या यांत्रिक नावांना मासेमारीची बंदी असते त्या काळात पंचेचाळीस दिवस आपणही काम बंद ठेवायचं. पत्र्यानं खरवडायचं नाही, हातानं खुडायचं, म्हणजे बूड शिल्लक राहतं आणि परत फुटतं. मी प्राध्यापकी बाण्यानं विचारलं, हे कोणी शिकवलं? ती म्हणाली, तुम्ही अंगणातली कोथिंबीर मुळासकट उपटता का?

तिच्या सुपात एक बारीक, कुरळं, तांबूस शैवाल होतं. त्याचं नाव तिनं सांगितलं, मरिकोळुंदु पासी. पासी म्हणजे शैवाल आणि मरिकोळुंदु म्हणजे आपला दवणा. चैत्रात जोतिबाला वाहतात तो. दिसतंही तसंच. शास्त्रीय नाव जेलिडिएला, हे मला माहीत होतं, आणि त्याच्यापासून अगार करतात हेही. अगार म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवायला बशीत ओततात तो खळीसारखा पदार्थ. आपल्या स्वयंपाकघरात त्याला चायना ग्रास म्हणतात. मी तीस वर्षं अगारच्या बशा ओतल्या आणि दर दिवाळीला चायना ग्रासचं पुडिंग केलं. तो खुडणारा हात मी पहिल्यांदाच बघत होते. तिला तर पुढे त्याचं काय होतं हे ठाऊकच नव्हतं. व्यापारी पोत्यानं नेतो एवढंच. मी सांगितलं, दवाखान्यात कुठला रोग झाला हे तपासायला लागतं. ती हातातलं काम थांबवून ऐकत होती. मग रिक्षावाल्याला काहीतरी म्हणाली आणि दोघं हसले. तो म्हणाला, "ताई, बोलती है, फिर भाव इतना कम कायको?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

निघताना मी तिच्या घराच्या भिंतीला टेकले आणि हाताला ओळखीचं काहीतरी लागलं. गिलावा पडलेला होता आणि आतल्या दगडावर बारीक चांदण्याचांदण्यांची नक्षी होती. प्रवाळच. सासऱ्यानं बांधलेलं घर, म्हणाली. त्या वेळी सगळेच बांधत. मी माझ्या तीन गड्ड्यांचं तिलाही सांगितलं. तिनं भिंतीवर थाप मारली आणि म्हणाली, तुमचं कपाट, माझी भिंत. मग गंभीर होऊन विचारलं, तुम्हाला कोणी दंड केला का?

नाही. मला कोणी दंड केला नाही. ती पोटासाठी हातानं शैवाल खुडत होती तिला दंड झाला. मी शोभेसाठी प्रवाळ उपटलं आणि त्यावर पाहुण्यांचं कौतुक मिळवलं.

रात्री धर्मशाळेत वन्संना सगळं सांगितलं. त्या दिवसभर बावीस विहिरींच्या पाण्यानं न्हाऊन दमल्या होत्या, पण लक्ष देऊन ऐकत होत्या. त्यांनी काशीला न्यायची वाळू एका रुमालात बांधून ठेवली होती. त्या गाठोड्याकडे बघत म्हणाल्या, "मग ही पण परत टाकू का?" मी म्हटलं, अहो, ही मूठभर वाळू आहे, राहू द्या. त्या म्हणाल्या, "तुझं पण मूठभरच होतं." सकाळी त्यांनी गाठ सोडून निम्मी वाळू अग्नितीर्थावर परत टाकली आणि निम्मी ठेवली. काशीला किती लागते हे कुठे लिहिलंय, असं वर मलाच विचारलं.

2001 सालापासून प्रवाळ हे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. ज्यांच्याकडे अशा जुन्या वस्तू होत्या त्यांना 2003 साली त्या जाहीर करायला 180 दिवसांची मुदत दिली होती. मी प्राणिशास्त्राची शिक्षिका, आणि मला त्याची बातमी नव्हती. परत समुद्रात टाकूनही उपयोग नाही. वाडा ओस पडून चाळीस वर्षं झाली. आणि तामिळनाडूपर्यंत तो पिशवीत घालून न्यायचा तर वाटेत कोणी पकडलं म्हणजे काय सांगायचं, हा आणखी प्रश्न.

घरी आल्यावर ते तीन गड्डे कपाटातून काढले, ब्रशनं धूळ झटकली, वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवले. खोक्यावर जागा, महिना आणि साल लिहिलं, जे तेव्हाच लिहायला हवं होतं. आमच्या विभागाच्या वनकार्यालयाला सविस्तर पत्र पाठवलं आहे की या वस्तू माझ्याकडे अशा अशा आल्या, त्यांचं काय करायचं ते कळवावं. हे आकाशवाणीवर सांगावं की नाही यावर आमच्या घरात दोन दिवस चर्चा झाली. पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही. कपाटाचा तो खण रिकामा आहे. पाहुणे विचारतात, तिथे काय होतं?